जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क थंडीत कसं बघावं: एका सोलापूरकरणीच्या तीन खेपांतून

पहिल्या खेपेला उद्यानातल्या सुदासरीच्या माळावर दुर्बीण डोळ्यांना लावून मी ओरडले, "तो बघा माळढोक!" जीपवाले भाईसा शांतपणे म्हणाले, "बाईसा, बकरी है." आमचे हे पुढे दोन दिवस हसत होते.

खरं तर माझी चूक व्हायला नको होती. मी सोलापूरची. नान्नजचा माळ घरापासून वीसेक किलोमीटरवर. लहानपणी वडिलांच्या मागे सायकलवर बसून माळढोक, म्हणजे माळावरचा तो भलामोठा पक्षी, बघितलेला, गवतातून वर आलेली ती पांढरी मान अजून आठवते. १९७९ साली आमच्याकडे माळढोकासाठी अभयारण्य झालं, पण आता तिकडे एखादा दिसला तरी बातमी होते. म्हणून जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर ठरवलं, तो जिथे उरलाय तिथे जायचं. तीन हिवाळे गेले. पहिला जवळजवळ वाया घालवला. तुमचा वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी वाळू डोक्यातून काढा

माणसं जैसलमेरला जातात ती समच्या वाळूच्या टेकड्या बघायला. उंट, फोटो, सूर्यास्त, संपलं. पण हे उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं, आणि त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम एक पंचमांश. बाकी सगळा माळ आहे. कुठे कडक खडकाळ जमीन (त्याला तिकडे 'मगरा' म्हणतात), कुठे सेवण गवताची बेटं, कुठे केर-बोरीची झुडपं आणि मैलभरात एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमीच. १९८० साली हा प्रदेश राखीव झाला. नाव राष्ट्रीय उद्यान, पण कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे, त्यामुळे आत गावं आहेत, ढाण्या (आपण वस्ती म्हणतो त्या) आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत. ताडोबासारखं फाटक आणि आत घनदाट रान असं चित्र डोळ्यांपुढे आणलंत तर निराश व्हाल.

म्हणून जीप ठरवताना पहिलं वाक्य हेच बोला: "भाईसा, धोरे नहीं, घास दिखाओ." धोरे म्हणजे वाळूच्या टेकड्या. हे ऐकल्यावर त्यांचा तुमच्याकडे बघायचा चेहराच बदलतो.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. त्यातही माझी पसंती जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला. नाताळ ते नववर्ष चुकूनही जाऊ नका. आमची पहिली खेप नेमकी तेव्हाची. समच्या एका तंबूत उतरलो आणि रात्री बारापर्यंत शेजारी डीजे. पहाटे उठायचं कुणाच्या अंगात त्राण होतं? जैसलमेरचा मरु महोत्सव माघी पौर्णिमेच्या आसपास असतो. त्याला जायचं असेल तर जरूर जा, पक्षी बघायचे असतील तर आधी पंचांग बघा आणि ते दिवस टाळा.

मुक्काम समऐवजी खुडी गावाला करावा. तिथेही वाळू आहे, पण गोंगाट कमी, आणि सुदासरी दोन्हीकडून आवाक्यात. आम्ही दुसऱ्या खेपेपासून एका ढाणीतल्या घरातच उतरतो. मातीच्या भिंतींची गोल झोपडी, वर गवताचं छप्पर. रात्री आत ऊब राहते, जी तंबूत औषधालाही नसते.

पोचायचं कसं, तर वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. नाहीतर जोधपूर गाठून पुढे रेल्वेने किंवा रस्त्याने. जोधपूरहून रात्रीची गाडी घेतली तर पहाटे उतरतानाच कळतं थंडी काय चीज आहे.

सामान

दिवसा २३-२४ अंश, रात्री पाच-सहा, कधी त्याखालीही. एकच जाड जॅकेट नेलंत तर सकाळी कुडकुडाल आणि अकराला भाजून निघाल. पातळ कपडे एकावर एक घालायचे आणि ऊन चढेल तसे उतरवत जायचे. कानटोपी हवीच, उघड्या जीपमध्ये पहाटेचं वारं कानात शिरतं. हातमोजे बोटं उघडी असणारे घ्या, नाहीतर दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही.

आता एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तिकडे भुरट नावाचं गवत आहे. त्याची काटेरी बोंडं थंडीपर्यंत वाळून जमिनीवर पडलेली असतात आणि लोकर दिसली की झडप घालतात. आईने विणलेले लोकरी मोजे घालून मी गवतात शिरले, पन्नास पावलांत मोजे संपले. आपली कुसळं त्यापुढे साधुसंत वाटावीत. सुती मोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि खिशात एक चिमटा, एवढं न्याच. चिमटा चेष्टेत सांगत नाही, बोटांनी काढायला गेलात तर बोटांतच मोडतात. लोकरी शाल जीपमध्ये ठेवा, अंगावर घेऊन खाली उतरू नका.

खायला मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेते. सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी लक्षात ठेवा: कडक भाकरी आठ-दहा दिवस काही होत नाही आणि जीपमध्ये सांडासांडी होत नाही. माळावर टपरी नाही. पाणी माणशी तीन लिटर तरी. गाडीत डिझेल जैसलमेरलाच भरून घ्यायला सांगा. मोबाईलला रेंज मधूनमधून येते नि जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. रोख पैसेही जवळ असू द्या.

परवाना जैसलमेरच्या वनविभागाच्या कार्यालयातून निघतो. ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स जवळ ठेवा. पश्चिमेला पाकिस्तानची सीमा आहे, वाटेत कुठेही कागद विचारतात आणि सीमेकडच्या काही भागात जाऊच देत नाहीत. सोबत परदेशी पाहुणे असतील तर त्यांचे नियम वेगळे, तेही आधी विचारून घ्या. ड्रोन घरी.

एक दिवस कसा घालवावा

जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला, त्यामुळे जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. "पाचला उठा" म्हणून कुणी मागे लागलं तर ऐकू नका, काळोखात बसून राहाल. सहाला उठायचं, चहा घ्यायचा, साडेसहाला निघायचं.

पहिले दोन तास सोन्यासारखे. कारण साधं आहे. गरुड आणि गिधाडं जड पक्षी, तापलेली हवा वर उठायला लागली की तिच्यावर तरंगतात. जमीन थंड असते तोवर ती खेजडीच्या शेंड्यावर नाहीतर चक्क जमिनीवर बसून राहतात. नऊ-साडेनऊपर्यंत ती तुमच्यासाठी बसलेली आहेत असंच समजा. त्यानंतर आकाशातले ठिपके मोजायचे. मध्य आशियातून आलेला स्टेपी गरुड, क्वचित इम्पीरियल गरुड, इथलाच टॉनी गरुड, लांब पायांचा बझर्ड, लग्गर ससाणा, हे सगळे आम्ही सकाळीच बघितलेत. गिधाडांचंही तसंच. हिवाळ्यात हिमालयाकडची आणि त्याही पलीकडची गिधाडं इथे उतरतात. मेलेलं जनावर कुठे टाकलंय हे जीपवाल्याला ठाऊक असतं. वास सोसायची तयारी ठेवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला गाडी लावा.

नऊच्या आसपास पाण्यावर जाऊन बसायचं. कुठलीही गुरांची टाकी, छोटं तळं चालतं. पखुर्ड्या (कबुतराएवढे माळावरचे पक्षी) थव्याने पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, मग डोक्यावरून दोन घिरट्या, मग सगळ्या एकदम उतरतात, दहा सेकंद पितात आणि गेल्या. पाण्याच्या काठाला गाडी खेटवून उभं राहिलात तर त्या उतरणारच नाहीत, तहानलेल्याच परत जातील. पन्नास-साठ पावलं मागे थांबा, गाडीतून उतरू नका.

छोट्या पक्ष्यांसाठी मगऱ्यावर जा. रणगोजे (त्यांचे तीन-चार प्रकार एकाच माळावर भेटतात, ओळखायला शेपटीचा काळा-पांढरा भाग बघा), चंडोल, पांढुरक्या रंगाचा धाविक. धाविक उभा असतो तेव्हा दिसत नाही, पळायला लागला की दगडच पळतोय असं वाटतं.

साडेअकरा ते तीन विश्रांती. जमिनीवरून हवा थरथरायला लागते, दुर्बिणीतून सगळं पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. कुणी "दुपारची सफारी" विकत असेल तर पैसे वाचवा. त्या वेळात जेवा. बाजरीचा सोगरा (भाकरी), केर-सांगरीची भाजी, कढी, लसणाची चटणी. सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. घरी आल्यावर सांगितलं तर सासूबाईंचा विश्वास बसेना.

साडेतीनला पुन्हा बाहेर. आता चिंकारा चरायला निघतात आणि वाळवंटी खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतं. शेपटीचं टोक पांढरं असतं, तीच खूण. खोकडाचं बीळ एकदा सापडलं की रोज तिथे जावं, तेही सवयीने तुम्हाला खपवून घेतं. सांडा (काटेरी शेपटीचा सरडा) मात्र थंडीत बघायला मिळत नाही, बिळाचं दार मातीने बुजवून आत पडलेला असतो. फुरसंही गारठलेलं असतं, म्हणून झुडपात हात घालायला हरकत नाही असा अर्थ काढू नका.

आणि माळढोक

तिकडे त्याला गोडावण म्हणतात, १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. रानात राहिलेले माळढोक दीडशेच्याही खाली, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. तीन खेपांत मिळून मला तो अकरा वेळा दिसला. पहिल्या खेपेत एकदाही नाही.

पहिल्या खेपेत मी काय चूक केली ते सांगते. जीपवाल्याला म्हणाले, "माळढोक दाखवलात तर पाचशे जास्त." झालं, बिचाऱ्याने रस्ता सोडून गाडी माळावर घातली, गवत तुडवत तासभर हिंडवली आणि जे काही होतं ते पार पळून गेलं. दोष माझ्या पाचशे रुपयांचा. आता मी दिवसाचे पैसे आधीच ठरवते आणि पहिल्याच दिवशी सांगते की दिसला नाही तरी तेवढेच देणार. गाडी चाकोरी सोडणार नाही, एवढीच अट. सेवणाच्या एकेका बुंध्याला वाढायला वर्षं लागतात, आणि माळढोक अंडं घालतो तो उघड्या जमिनीवर, बहुधा वर्षाला एकच.

बघायची रीत अशी. सुदासरीचा कुंपण घातलेला भाग आहे, त्याच्या कडेच्या रस्त्यावर उंचवट्याशी गाडी थांबवा, इंजिन बंद करा. दुर्बीण डावीकडून उजवीकडे क्षितिजाच्या जरा खालून हळू सरकवत न्या, मग दहा मिनिटं थांबून पुन्हा तेच. पक्षी चरताना मान खाली घालतो, म्हणून एकदा नाही दिसला म्हणजे तिथे नाही असं नसतं. मीटरभर उंच पक्षी गवतात बसला की नाहीसा होतो. नराची मान पांढरीशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. मादी लहान, मान करडी. शेळी मान खाली घालते ती खालीच ठेवते, माळढोक दर दोन घासांनी वर बघतो. हे भाईसांनी शिकवलं, नाहीतर मी अजून शेळ्याच मोजत बसले असते.

लहान चणीचा, वाळूच्या रंगाचा, झुडपांच्या आडून चोरासारखा पळणारा दिसला तर तो होबारा, माळढोकाचाच भाऊबंद. तो फक्त थंडीतला पाहुणा. तो दिसला तरी दिवस सार्थकी लागला समजा.

माळावर बघताना विजेच्या तारा आणि पवनचक्क्या नजरेतून सुटत नाहीत. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात, आणि जड अंगाने ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारांवर आदळतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. तारांवर लटकवलेल्या चकत्या दिसतील, त्या पक्ष्यांना तार दिसावी म्हणून. समजवळ २०१९ पासून माळढोकांचं प्रजनन केंद्र आहे, तिथे अंडी उबवून पिल्लं वाढवतात. ते प्रेक्षणीय स्थळ नाही, आत सोडा म्हणून हुज्जत घालू नका. मी घातली होती, त्याची अजून लाज वाटते.

वाळू बघायचीच असेल तर

सूर्यास्ताला नको, सूर्योदयाला जा. रात्रीतून वाळूवर कोण कोण फिरून गेलं ते सगळं लिहिलेलं असतं. उंदरांच्या उड्या, भुंग्याची शिवण घातल्यासारखी रेघ, खोकडाची सरळ एका ओळीतली पावलं. उन्हाळ्यात वारा हे लगेच पुसून टाकतो, थंडीत वारा मंद असल्याने नऊपर्यंत वाचता येतं. पावलांच्या डाव्या बाजूने चाला, वर पाय देऊ नका. उन्ह तिरपं असेपर्यंतच ठसे उठून दिसतात. आमच्या यांना पक्ष्यांत फार गोडी नाही, पण हे ठसे वाचायला ते माझ्याआधी उठतात.

एक दुपार आकलला द्या. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटर. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, त्यातले बुंधे दगड होऊन पडलेत, वर लोखंडी जाळ्या घातल्यात. तासाभरात होतं. त्याच भागात खडीन दिसली तर थांबा. उताराला आडवा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि ते मुरलं की त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवाल ब्राह्मणांची शेकडो वर्षांची पद्धत. वाळवंटात हिरवागार हरभरा बघून आमचे हे बांधावरच बसले. पाणी साचलेलं असेल तर बदकंही असतात.

ओरणात गेलात तर चपला काढायला लावतील कदाचित. ओरण म्हणजे आपली देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे झाड तोडत नाहीत. झाडाखाली बसायला कुणी अडवत नाही, आवाज मात्र करू नका.

परतताना

सरळ जोधपूरला जाऊ नका. फलोदीला उतरा, तिथून खिचन रिक्षाने थोडक्या वेळात. हजारो कांड्या करकोचे तिथे थंडी काढतात, तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालत आलेत, त्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. सकाळी लवकर पोचा आणि शेजारच्या घराच्या गच्चीवर विचारून चढा. आधी थवे गावाबाहेर उतरतात, मग चालत चालत, एकमेकांना ढकलत आत येतात. लग्नाच्या पंगतीला असावी तशी घाई. दहाच्या आत सगळे तळ्याकडे उडालेले असतात, मग तिकडे जा.

गच्चीवरून मी खाली नीट बघितलं, तर टाकलेले दाणे ज्वारीचे. पिशवीत शेवटच्या दोन कडक भाकरी उरल्या होत्या. चटणी संपली होती. घरमालकीण बाईंनी वाटीभर ताक आणून दिलं, त्यात भाकरी कुस्करून आम्हीही तिथेच बसून खाल्ली.